लाकडाच्या गॅसमधलं डांबर जातं कुठे?

रात्री साडेनऊला बंद केलेलं इंजिन सकाळी सातला हललंच नाही. स्टार्टर मारला की नुसता 'टक्' आवाज. कोल्हापूरकडच्या एका छोट्या फाउंड्रीतली ही गोष्ट, भारनियमनाच्या दिवसांतली. मालकांनी डिझेलच्या खर्चाला कंटाळून लाकडावर चालणारा गॅसिफायर बसवला होता आणि त्याच्या गॅसवर ४० किलोवॉटचा जनरेटर. आदल्या दिवशी दहा तास तो बिनतक्रार चालला होता. फिटरने हेड उतरवलं. इनटेक व्हॉल्व्हच्या दांडीवर काळा, चकचकीत, काचेसारखा थर चढलेला, आणि दांडी गाइडमध्ये अशी धरून बसलेली की हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोकली तेव्हा कुठे सुटली. रॉकेलमध्ये तासभर भिजवली तरी थर ढिम्म.

ऑपरेटर मामा म्हणाले, "साहेब, काल तर झक्कास चालू होतं. रात्रीत काय झालं?"

रात्रीत ते गार झालं, एवढंच झालं होतं. इंजिन गरम असेपर्यंत तो थर पातळ होता, दांडी त्यात वरखाली सरकत होती. इंजिन थंडावलं तसा थर गोठला आणि व्हॉल्व्ह जाम. गॅसिफायरवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, हा किस्सा ज्याच्याकडे नाही असा माणूस मिळणार नाही. त्या काळ्या थराला आम्ही 'टार' म्हणतो. मराठीत डांबर. (रस्त्यावरचं डांबर हल्ली खनिज तेलातून येतं, ते वेगळं. पण आपण दोघांनाही एकच शब्द वापरतो आणि चिकटपणा पाहिला तर त्यात फार चूकही नाही.)

हे डांबर येतं कुठून, ते बघायला कारखान्यात जायची गरज नाही. काडेपेटीतली एक काडी ओढा, आडवी धरा आणि नीट बघा. ज्योत लाकडाला चिकटलेली नसते. लाकूड आणि ज्योत यांच्यात एक बारीकशी अंधारी फट दिसते. लाकूड थेट जळत नाही, तापून आधी त्याची वाफ होते आणि जळते ती वाफ. आता काडी फुंकून विझवा. टोकातून पांढरी धुराची रेघ वर जाईल. पटकन दुसरी पेटती काडी त्या रेघेला लावली तर धुरातून ज्योत खाली पळत येऊन काडी पुन्हा पेटते. ती पांढरी रेघ म्हणजे वाफेचे गार होऊन झालेले बारीक थेंब. त्यातला मोठा भाग डांबराचाच. म्हणजे डांबर हा लाकडात शिरलेला कचरा नव्हे, ते अर्धवट शिजलेलं लाकूडच आहे. पुढचं सगळं समजायला ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे.

गॅसिफायर करतो काय? एक किलो लाकूड पूर्ण जाळायला साधारण सहा किलो हवा लागते. गॅसिफायरमध्ये आपण मुद्दाम तिची पाव ते एक तृतीयांशच देतो. लाकूड आधी वाळतं. मग दोनशे ते पाचशे-सहाशे अंशांच्या दरम्यान त्याची वाफ सुटते आणि मागे कोळसा उरतो. मिळालेल्या तुटपुंज्या हवेत काही वाफ आणि थोडा कोळसा जळून हजार-अकराशे अंशांची आच तयार होते. या आचेतून निघालेला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ लाल निखाऱ्यांच्या थरातून जातात, तेव्हा निखारा त्यांच्यातला ऑक्सिजन काढून घेतो. उरतात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन, दोन्ही जळणारे. हवा वापरली असेल तर तयार झालेल्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड अठरा-वीस टक्के, हायड्रोजन जवळपास तेवढाच, मिथेन दोनेक टक्के आणि निम्मा भाग फुकटचा नायट्रोजन. म्हणून हा गॅस हलका: एका घनमीटरला हजार ते बाराशे किलोकॅलरी, तर नैसर्गिक वायूला साडेआठ-नऊ हजार. तरी किलोभर सुक्या लाकडातून अडीच घनमीटर गॅस मिळतो आणि लाकडातली सत्तर-पंचाहत्तर टक्के ऊर्जा त्यात उतरते. सौदा वाईट नाही.

फक्त सगळी वाफ त्या आचेतून जातेच असं नाही. जी निसटते, ती गॅसबरोबर डांबर म्हणून बाहेर पडते.

किती निसटते हे भट्टीच्या रचनेवर. ज्या भट्टीत हवा खालून वर जाते, तिथे निखारे तळाशी आणि लाकूड वर. तळाचा तप्त गॅस वर येताना लाकडाची वाफ काढतो आणि तिला घेऊन थेट पाइपात शिरतो. ती वाफ आगीच्या वाट्याला जातच नाही. अशा गॅसमध्ये घनमीटरमागे ५० ते १०० ग्रॅम डांबर असू शकतं. वाळूच्या खदखदत्या थरात भुसा जाळणाऱ्या फ्लुइडाइज्ड बेड भट्टीत दहा ग्रॅमच्या आसपास. आणि जिथे हवा व गॅस दोन्ही वरून खाली ओढले जातात त्या डाउनड्राफ्टमध्ये वाफेला आग आणि निखाऱ्यांचा थर ओलांडूनच बाहेर पडावं लागतं, त्यामुळे एक ग्रॅम किंवा त्याहून कमी.

एक ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटेल. आमच्या ४० किलोवॉटच्या इंजिनाला तासाला शंभरेक घनमीटर गॅस लागायचा. म्हणजे तासाला १०० ग्रॅम डांबर, दहा तासांच्या पाळीत एक किलो. तुपाची किलोची बरणी भरेल एवढं डांबर रोज त्या पाइपांतून, फिल्टरांतून आणि व्हॉल्व्हवरून जाणार. खालून हवा घेणारी भट्टी असती तर तेवढंच सहा-बारा मिनिटांत. इंजिनासाठी सर्वसाधारण मर्यादा धरतात ती घनमीटरमागे १०० मिलिग्रॅमची, आणि ५० च्या खाली आलं तर झोप लागते.

डांबर म्हणजे एकच पदार्थ नाही, शेकडोंचं कडबोळं आहे. भट्टी पाचशे अंशांवर असेल तर त्यात लाकडाची ओळख पटेल असे, आंबट, पाण्यात विरघळणारे पदार्थ असतात. तापमान चढलं की ते मोडून फिनॉलच्या जातीचे होतात. जुन्या कार्बोलिक साबणाचा वास आठवत असेल तर तोच. आठशे-नऊशेच्या पुढे डांबर कमी होतं, पण जे टिकतं ते हट्टी असतं: बेंझिनच्या कड्या एकमेकींना जोडलेले रेणू, आणि त्यांचा पुढारी नॅप्थलीन. नॅप्थलीन आपल्या घरात कपाटात असतं, डांबरगोळी म्हणून. ते मुख्यतः दगडी कोळशाच्या डांबरातून काढतात, म्हणून मराठीने पांढऱ्याशुभ्र गोळीला हे काळं नाव दिलं. डांबरगोळी न वितळताच हवेत उडून जाते हे आपण पाहतो. गॅसच्या पाइपात याच्या उलट घडतं. गॅसमधून आलेलं नॅप्थलीन थंड वळणावर बारीक पांढऱ्या-पिवळ्या कणांनी जमत राहतं आणि एक दिवस पाइप बुजतो. पाण्यात ते विरघळत नाही, त्यामुळे पाण्याच्या फवाऱ्यातून हसत निघून जातं.

या सगळ्याचं मूळ दुखणं एका वाक्यात सांगता येतं. इंजिनाला गॅस थंड हवा असतो, कारण गरम गॅस फुगलेला असतो आणि सिलिंडरमध्ये कमी मावतो; आणि डांबर नेमकं थंड झाल्यावरच बसतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसा घाम येतो, तसा डांबराचाही घाम येण्याचा एक बिंदू असतो. जड डांबर असेल तर हा बिंदू तीनशे अंशांच्याही वर असू शकतो.

मग पहिला उपाय स्वाभाविक वाटतो तो धुण्याचा. पाण्याचा फवारा, गॅस थंड, डांबर खाली. आमच्याकडेही तेच होतं. त्याआधी सायक्लोन, म्हणजे गॅसला गरगर फिरवून राख बाजूला पाडणारा शंकू. सायक्लोन गॅस गरम असतानाच हवा. राख आणि ओलं डांबर एकत्र आले की जो लगदा होतो तो खरवडताना माणूस नोकरी सोडायचा विचार करतो. फवाऱ्यानंतर लाकडाच्या भुशाचा फिल्टर आणि शेवटी कापडी पिशवी. भुसा काळा झाला की काढून, वाळवून पुन्हा भट्टीत. इथवर ठीक. पण फवाऱ्याचं पाणी? ते चार दिवसांत चहासारखं, पंधरा दिवसांत काढ्यासारखं होतं आणि त्यात फिनॉल असतं. ते ओढ्यात सोडणं गुन्हा आहे आणि नसता तरी सोडू नये. आपल्या देशात गॅसिफायरची बदनामी झाली त्यात या पाण्याचा वाटा मोठा आहे असं माझं मत. हवेतलं डांबर पाण्यात ढकललं, याला सफाई म्हणायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

फणस कापणाऱ्या कोकणातल्या कुठल्याही बाईने याहून शहाणा सल्ला दिला असता. चीक पाण्याने जात नाही, तेलाने जातो. ऑस्ट्रियातल्या ग्युसिंग या छोट्या गावी २००१-०२ च्या सुमारास सुरू झालेल्या ८ मेगावॉटच्या प्रकल्पात हेच केलं. व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी रचलेल्या या भट्टीत हवेऐवजी पाण्याची वाफ सोडत, त्यामुळे गॅसमध्ये नायट्रोजनची भेसळ नव्हती. गॅस धुवायला मोहरीवर्गीय रेपसीडच्या तेलाचं बायोडिझेल. डांबर त्यात विरघळायचं आणि डांबराने माखलेलं बायोडिझेल परत भट्टीत जाळलं जायचं. गटारात सोडायचं काही उरतच नसे. या गॅसवर दोन मेगावॉट वीज आणि गावातली घरं तापवायला गरम पाणी मिळत होतं. प्रकल्प २०१६ मध्ये थांबला, पण तो डांबरामुळे नव्हे; लाकडाचा भाव आणि विजेचा दर यांचा मेळ बसेना.

स्वीडनमध्ये गोथेनबर्गला याच पद्धतीची मोठी भट्टी बांधली, लाकडापासून २० मेगावॉटचा शुद्ध मिथेन करून शहराच्या गॅसवाहिनीत सोडण्यासाठी. २०१४ ते २०१८ ती चालली. सुरुवातीला गॅस थंड करणाऱ्या नळ्या डांबराने सारख्या बुजायच्या. त्यावर सापडलेला तोडगा मला फार आवडतो: भट्टीतल्या वाळूत, म्हणजे ऑलिव्हिन नावाच्या हिरवट खनिजात, पोटॅश मिसळलं. लाकडाच्या राखेत असतं तेच पोटॅश. डांबर भट्टीतच मोडायला लागलं आणि नळ्या मोकळ्या राहिल्या. डोलोमाइट नावाचा चुनखडीचा भाऊबंद हेच काम आठशे-नऊशे अंशांना करतो, पण भुगा होतो. निकेल सगळ्यात तरबेज, आणि सगळ्यात नाजूक. गॅसमधलं गंधक आणि काजळी त्याला लवकर निकामी करतात.

धुण्यापेक्षा भट्टीतच डांबर संपवणं शहाणपणाचं, या मताला मी हळूहळू आलो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८० च्या दशकापासून हाच धागा धरला. त्यांच्या डाउनड्राफ्ट भट्टीचं तोंड वरून उघडं असतं. थोडी हवा वरून, थोडी बाजूच्या नळ्यांतून. वाफेला आग दोनदा भेटते आणि मग निखाऱ्यांचा खोल थर ओलांडावा लागतो. कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यातल्या होसहळ्ळीत या तंत्रावर गावाचे दिवे लागले, पाण्याचा पंप आणि पिठाची गिरणी चालली. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाने २००२ मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. लाकडाची वाफ करणं आणि ती जाळणं ही कामं दोन वेगळ्या भांड्यांत तोडली. एका भांड्यात लाकूड नुसतं भाजायचं, दुसऱ्यात वाफेला थोडी हवा देऊन अकराशे अंशांवर न्यायचं, मग कोळशाच्या थरातून गाळायचं. डांबर मोजक्या मिलिग्रॅमवर आलं आणि धुण्याची गरज संपली, नुसता कापडी फिल्टर पुरला. ७५ किलोवॉटचं ते प्रयोगापुरतं यंत्र होतं, पण मुद्दा सिद्ध झाला.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा युरोपात लाखो गाड्या मागे टाकी बांधून लाकडाच्या गॅसवर पळत होत्या. आपल्याकडेही त्या काळात कोळशाच्या गॅसवर बसगाड्या चालल्या. लाकडाऐवजी कोळसाच का? कोळसा पाडताना वाफ, आणि तिच्याबरोबर डांबर, आधीच उडून गेलेलं असतं. इंजिन वाचतं. अर्थात डांबर कुठे गेलं, तर कोळसा पाडणाऱ्याच्या डोळ्यांत आणि छातीत.

आणि आमच्या फाउंड्रीतलं डांबर? पंधरा दिवस आम्ही फिल्टर बदलत राहिलो, फवारा वाढवला, पिशवी दुहेरी केली. दोष तिथे नव्हताच. लाकूड होतं सुबाभळीचं, उघड्यावर रचलेलं, आणि मधे दोन वळीव पडून गेले होते. गॅसिफायरला वीस टक्क्यांच्या आतली ओल चालते, पंधरा असेल तर उत्तम. ओलं लाकूड आचेतली उष्णता पाणी उडवण्यात खातं. हजाराची आच आठशेवर येते आणि डांबर न मोडता निसटतं. शिवाय लाकूडतोड्याने वेळ वाचवायला ओंडके मोठे ठेवले होते, ते मधेच अडकून पोकळी करायचे आणि वाफ त्या पोकळीतून पळायची. हे मामांना आमच्याआधी कळलं होतं. त्यांनी एकदा दोन ओंडके एकमेकांवर आपटून दाखवले. सुकं लाकूड खणखणतं, हे 'बद्द' वाजत होतं. मग पत्र्याची शेड घातली, तुकडे मुठीएवढे केले. पांढरा टिपकागद गॅसच्या बारीक तोटीसमोर धरून बघायचा आमचा गावठी प्रयोग होता. कॉफीच्या रंगाचा डाग पडायचा तो फिकट राखाडी झाला. (रीतसर मोजमापाला गॅस थंडगार आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बाटल्यांतून बुडबुडवतात आणि त्यात उतरलेलं डांबर तोलतात.)

सगळ्यांना इतका शुद्ध गॅस लागतो का, हा प्रश्न मात्र आधी विचारायला हवा होता. गॅसपासून द्रव इंधन किंवा मिथेन करायचा तर डांबर जवळजवळ शून्यच हवं. इंजिनाला ५०-१०० मिलिग्रॅम. पण गॅस भट्टीतून निघाल्या निघाल्या गरमच जाळायचा असेल, तर डांबर काढायचं कशाला? ते वाफेच्या रूपातलं इंधन आहे, जाळातच जाईल आणि वर उष्णता देईल. पाइप आखूड ठेवा, लोकरीसारखं जाड आवरण गुंडाळा, गॅस थंड होऊ देऊ नका. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाचं पाचट आणि बगॅस (रस काढून उरलेली चिपाडं) यांच्यावरचा गॅसिफायर याच वाटेने नेला. इंजिनाच्या मागे न लागता उद्योगांच्या भट्ट्यांना उष्णता द्यायची. पाचट इतकं हलकं की पोतं उचललं तर हाताला वजन लागत नाही, राखही भरपूर. ते भट्टीत नीट उतरत राहावं हीच मोठी लढाई होती. शेतात काडी लावून पेटवल्या जाणाऱ्या पाचटातून उष्णता तर मिळालीच, शिवाय जोडीला कोळशाचा चुराही.

डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हारबोरे गावात तर सगळ्यात जास्त डांबर देणारी, खालून हवा घेणारीच भट्टी निवडली. डांबर वेगळं काढून टाकीत साठवायचं आणि कडाक्याच्या थंडीत गावाला उष्णता जास्त लागली की तेच जड तेलासारखं बॉयलरमध्ये जाळायचं. डांबर म्हणजे त्यांची हिवाळ्याची बेगमी. डांबराखालचं घाण पाणी निस्तरायला मात्र त्यांनाही वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

एक गोष्ट धोक्याची आहे. डांबराला वास असतो, कार्बन मोनॉक्साइडला नसतो. गळती झाली तर नाक जे ओळखतं ते डांबर. गॅस जितका स्वच्छ, तितका तो गुपचूप. गॅसिफायरची खोली सगळ्या बाजूंनी उघडी हवी आणि भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. डोकं जड झालं की आधी बाहेर पळायचं, झडप बंद करायला थांबायचं नाही.

इंजिन पुढे दोन वर्षं बरं चाललं. बंद करण्याआधीची शेवटची पंधरा मिनिटं मामा ते नुसत्या डिझेलवर चालवत, त्यामुळे व्हॉल्व्हवर राहिलंसाहिलं साफ होऊन जाई. मग भारनियमन संपलं, लाइनची वीज स्वस्त पडायला लागली आणि जनरेटर विकला गेला. गॅसिफायर मालकांनी ठेवला. फवारा, भुशाचा डबा, पिशव्या सगळं भंगारात गेलं आणि भट्टीच्या तोंडाला सहा फुटांचा पाइप जोडून गॅस थेट कोअर (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे) वाळवायच्या ओव्हनला दिला. त्या सहा फुटांवर मामांनी इतकी ग्लासवूल गुंडाळली होती की तो पाइप मांडीएवढा दिसायचा.